शाब्दिक उदाहरणे: पट्टीची आकृती की एकमान पद्धत?

अपूर्णांक आणि गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणे मुलांना पट्ट्या काढून शिकवावीत की एकमान पद्धतीने, म्हणजे आधी एका भागाची किंमत काढून त्यावरून उत्तर शोधत, असा प्रश्न पालकांना पडतो.

पहिला निकष समजेचा. ‘पुस्तकाची 2/5 पाने वाचून झाली, 90 पाने उरली, तर एकूण पाने किती?’ या उदाहरणात अनेक मुले घाईने 90 चे 2/5 काढतात. पट्टीचे पाच समान भाग करून दोन रंगवले, की 90 पाने ही उरलेल्या तीन भागांची आहेत, हे डोळ्यांनाच दिसते. एक भाग 30 पानांचा आणि पुस्तक 150 पानांचे. एकमान पद्धतीतही आकडेमोड हीच होते, पण 90 म्हणजे किती भाग, हे मुलाला आधीच ओळखावे लागते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच असते. गुणोत्तर 3:5 आणि फरक 16 दिला असेल, तर वरखाली काढलेल्या दोन पट्ट्यांमधला दोन भागांचा फरक असाच चटकन लक्षात येतो.

वेळेच्या बाबतीत एकमान पद्धत सरस आहे. शिवाय 17/24 सारखा अपूर्णांक आला, की पट्टीचे भाग पाडणेच कंटाळवाणे होते.

ज्या मुलाला गणित येते पण उदाहरणाचा अर्थ लागत नाही, त्याच्यासाठी पट्टी निवडावी. ज्याला अर्थ लागतो आणि केवळ वेग हवा आहे, त्याला एकमान पद्धत पुरेशी आहे.