मे महिना जंगलात: बोंडला की खोतीगाव?

अमेरिकेत बरेच शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत राष्ट्रीय उद्यानात हंगामी रेंजर होतात, टोपी-गणवेशासकट. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनखात्यातली पक्की नोकरी. मास्तराला ती महिनाभरासाठी कोण देणार? पण आलेल्या लोकांना झाडं-पाखरं दाखवायला, शिबिराच्या पोरांना सांभाळायला बिनपगारी माणूस म्हणून मी विचारलं, तर मला तरी कोणी नाही म्हटलं नाही. एक मे महिना गोव्यातल्या बोंडला अभयारण्यात काढला, पुढच्या वर्षीचा तिथल्याच खोतीगाव अभयारण्यात. (चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य मी आधीच बाजूला ठेवलं. पाहुणे पक्षी तोवर परतलेले असतात; खारफुटीत घाम पुसत काय दाखवणार?)

सोयीच्या बाबतीत बोंडल्याला तोड नाही. मी फोंड्याचा, स्कूटर काढली की पोचलो. जंगल जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, वर प्राणिसंग्रहालय, त्यामुळे गवा दाखवतो म्हटलं की गवा असतोच, कुंपणाआड का होईना. ज्यांना घरी लहान मुलं आहेत, त्यांनी बहुधा इथंच जावं.

माझं बिनसलं ते माकडांवरून. म्हणजे माकडांचा दोष काहीच नाही. रविवारी सकाळी पहिली गाडी आली की वेफर्सची पुडी फुटायची आणि मी सुरू व्हायचो, ‘खायला घालू नका.’ एक गृहस्थ मला म्हणाले, ‘सर, एकच केळं.’ तेवढ्यात माकडाने त्यांच्या मुलीच्या हातातलं आइस्क्रीम पळवलं, ती रडायला लागली आणि रागावले सगळे माझ्यावर. मग ‘काचेवर ठोकू नका’, ‘रांगेत या’, ‘आवाज कमी’. दुसऱ्या आठवड्यात माझा घसा बसला. ऐन सुट्टीत घसा बसलेला मास्तर म्हणून घरी अजून चेष्टा होते.

खोतीगाव लांब, हे आधीच सांगतो. मडगावला बस बदला, काणकोणच्या चावडीवर उतरा, पुढचं ज्याचं त्याने बघा. मोबाइलला रेंज बेताचीच, डबा घरून न्यावा लागतो, आणि मचाणावर दोन-दोन तास बसून काही म्हणजे काही दिसत नाही, असंही झालंय. दिवसाला पाच-सहा माणसं आली तरी खूप.

पण एका दुपारी गावातला, वेळीप या आदिवासी समाजातला एक मुलगा शेजारी उभा होता. त्याने काही न बोलता हनुवटीनेच एका खोडाकडे दाखवलं. मला नुसती साल दिसत होती. मग त्या सालीतून लिंबासारखा पिवळा पडदा बाहेर आला, आत गेला, परत बाहेर आला. उडता सरडा, गळ्याखालची झालर हलवत होता. आम्ही दोघं किती वेळ उभे होतो कोण जाणे. अख्ख्या दुपारीत मी एकदाही ‘गप्प’ म्हटलं नव्हतं.

आता वर्गाबाहेरही पोरांचा गलका लागतोच, असे शिक्षक मी पाहिलेत. त्यांना खोतीगाव कदाचित खायला उठेल. त्यांनी बोंडला धरावा. गुरुवारी बंद असतो, घशाला तेवढीच उसंत.