न्यू जर्सीतलं ट्रक स्कूल: यार्डात पैसे वसूल, रस्त्यावर नाही

ट्रकचं लायसन्स काढायचंय, कुठली शाळा धरू, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी गेलो ती शाळा मिडलसेक्स काउंटीत, गोदामांच्या मागच्या बाजूला आहे. तक्रारही करणार आहे, तेव्हा नाव लिहीत नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं मत कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वाळवा तालुक्यात कारखान्याला ऊस घालणारा ट्रॅक्टर चालवला, नंतर ४०७ टेम्पो. अमेरिकेत येण्यासाठी बहिणीने केलेल्या अर्जाचा नंबर लागला तोवर केस पांढरे झाले होते. इकडे आल्यावर पेट्रोल पंपावर लागलो. न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांना ते काम मिळतं. पण थंडीत हात गोठतात आणि पगारही जेमतेम. ट्रकच्या केबिनमध्ये निदान हीटर असतो!

फी पाच हजार डॉलरच्या घरात, हप्त्याने घेतात. त्यात थिअरी, यार्ड (म्हणजे शाळेचं सरावाचं मैदान), रस्ता आणि परीक्षेला त्यांचाच ट्रक. मेडिकल आणि परमिटचा, म्हणजे शिकाऊ परवान्याचा, खर्च आपला. परमिटसाठी ट्रकविषयीचं सर्वसाधारण ज्ञान, एअर ब्रेक आणि जोडवाहन (ट्रेलर जोडलेला ट्रक) असे तीन पेपर देऊन ठेवा. परमिट हातात आल्यावर १४ दिवस झाल्याशिवाय ड्रायव्हिंगची परीक्षा देता येत नाही, तेव्हा हे काम आधी उरका. थिअरी ऑनलाइन आहे, ८० टक्के पाडावे लागतात. इंग्रजी वाचता येत असेल तर अवघड काही नाही.

यार्ड मात्र एक नंबर. आमचे मास्तर पोर्तो रिकोचे, अख्खं आयुष्य टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, घालवलेले. आवाज मोठा, पण शिव्या नाहीत. गाडी सुरू करायच्या आधीची तपासणी त्यांनी इतकी घोटून घेतली की मला ती झोपेत म्हणता येईल. फिफ्थ व्हीलचा (ट्रेलर जिच्यावर टेकतो त्या ट्रकवरच्या तबकडीचा) जबडा किंगपिनला, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीला, नीट आवळून बसलाय का, हे ट्रेलरखाली वाकून टॉर्च मारून बघायचं. लाल नळी हवा पुरवठ्याची, निळी ब्रेकची. पुढच्या टायरची नक्षी ४/३२ इंच तरी हवी, बाकीच्यांची २/३२.

खरी गंमत एअर ब्रेकच्या तपासणीत आहे. इंजिन बंद, किल्ली ऑन, चाकांना उटी, ट्रकच्या पार्किंग ब्रेकचं पिवळं आणि ट्रेलरच्या हवेचं लाल अशी दोन्ही बटणं आत, म्हणजे ब्रेक सुटलेले. मिनिटभरात हवेचा दाब ३ पीएसआयपेक्षा (टायरची हवा मोजतात तेच माप) जास्त उतरता कामा नये. मग ब्रेक दाबून धरायचा, आता ४ पर्यंत चालते. त्यानंतर पेडल मारत मारत हवा घालवायची. सुई ६० च्या आसपास आली की बझर वाजतो, आणि पुढे २० ते ४५ च्या दरम्यान दोन्ही बटणं फाट्‌दिशी बाहेर येतात. हे सगळं करताना तोंडाने बोलून दाखवायचं असतं. इथे चुकलात तर बाकी कितीही येत असलं तरी उपयोग नाही. बॅचमधला एक पोरगा गाडी माझ्यापेक्षा चांगली मारायचा, पण बोलायला लागला की त्त-फ्फ.

रिव्हर्सला माझा ऊस कामी आला. ट्रेलरचं बूड डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे, हे ट्रॉली मागे घेतलेल्याला शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की ट्रॉली लगेच मुडपते आणि ५३ फुटी ट्रेलर सावकाश ऐकतो. आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये, म्हणून आणखी फिरवतो, आणि मग एकदम वाकडा. शंका आली की उतर आणि बघून ये, हा मास्तरांचा मंत्र. परीक्षेतही उतरून बघायला मुभा असते, पण मोजकीच.

गियरला मात्र टेम्पोची सवय आडवी आली. ४०७ ला आपण क्लच तळापर्यंत दाबतो. इथल्या दहा गियरच्या गाडीत चालत्या गाडीला क्लच अर्धवटच दाबायचा, तोही दोनदा: एकदा न्यूट्रलला काढताना, एकदा पुढचा टाकताना. तळाला क्लच ब्रेक असतो, तो फक्त उभ्या गाडीसाठी. मास्तर माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत बसायचे.

आता तक्रार. शाळेच्या माहितीपत्रकात रस्त्यावरचे तास भरपूर दिसतात. पण एका ट्रकला आम्ही पाच जण. एक चालवणार, बाकीचे मागे झोपायच्या बर्थवर दाटीवाटीने बसणार, आणि ते बसलेले तासही आपल्याच नावावर धरतात. २०२२ च्या फेब्रुवारीपासून नवशिक्यांना नोंदणीकृत संस्थेतच शिकण्याची सक्ती आहे, पण किती तास चालवायलाच हवं हे केंद्राच्या नियमात ठरवलेलं नाही. मास्तरांनी ‘येतंय’ म्हटलं की झालं. शाळा बरोबर याच फटीत बसते.

त्यात रस्ता रोज तोच, परीक्षेचा. टर्नपाइकवर नेलंच नाही. रात्री नाही, पावसात नाही. ट्रेलर कायम रिकामा, आणि नोकरीत गाडी ८०,००० पौंडांपर्यंत भरलेली असू शकते. जगहँडलवर, म्हणजे डावीकडे जायला उजवीकडून फिरून येतो त्या वळणावर, माझ्या वाट्याला जेमतेम एक खेप आली. मागची चाकं आत कापत येतात आणि कडेचा दगड आरशात सरकत जवळ येतो, तेव्हा पोटात गोळा येतो. हे चार वेळा करून घेतलं असतं तर कंपनीतल्या ट्रेनरसमोर पहिला आठवडा सोपा गेला असता. ऑफिसात बोललो, तर जादा तासांचं दरपत्रक पुढे केलं. गोड बोलून, अर्थात.

तरी मी पाचापैकी साडेतीन देईन, आणि त्यातले तीन मास्तरांचे. पैसे भरण्याआधी एका ट्रकला किती विद्यार्थी ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. केंद्राच्या प्रशिक्षण नोंदवहीत शाळेचं नाव आहे का ते बघा, नाहीतर परीक्षेला बसताच येणार नाही. परीक्षेचा ट्रक मॅन्युअल आहे का हेही विचारा. ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सवर तसा शेरा पडतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. नवीन गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक आहेत हे खरं, पण बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या छोट्या मालकांकडे जुन्या गाड्याही असतात.

आणि जानेवारीची बॅच घेऊ नका. यार्ड उघड्यावर आहे, तपासणी पूर्ण बाहेर उभं राहून करायची असते, आणि संडास दोनशे पावलांवर.