राउटरच्या बॅकअपला मिनी यूपीएस की कॉम्प्युटरचा ६०० व्हीएवाला?

लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, नेट मात्र जातं. गुरुवारी महावितरणची देखभाल-दुरुस्ती असते तेव्हा घरून काम करणाऱ्या पुणेकरांना हे सांगायला नको. त्यावर उपाय दोन: कॉम्प्युटरचा मोठा, ६०० व्हीएवाला यूपीएस राउटरला जोडायचा, नाहीतर १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस घ्यायचा. मी दोन्ही वापरले आहेत.

पैसे घालण्याआधी एक पाहून ठेवा. कनेक्शन थेट फायबरचं असेल तर वाटेत फायबरचे फाटे करणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे घरातला ओएनटी (फायबरची वायर ज्यात येते तो डबा) आणि राउटर जागे ठेवले की बहुधा भागतं. पण केबलवाल्याने जिन्यात स्विच लावून लॅनची वायर आत आणली असेल, तर तो स्विच लाइटबरोबरच झोपतो. मग घरात कुठलाही बॅकअप लावा, उपयोग शून्य.

आता बॅटरी. मोठ्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचची लेड-ॲसिड असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. मिनीवर १०,४०० एमएएच असं ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा ३.७ व्होल्टचा. हिशेब केला तर ३८ वॉट-तास भरतात, निम्म्याहूनही कमी. तरी ओएनटी आणि राउटर मिळून १५ वॉटच्या आसपास लोडवर मला दोघांत फार तर अर्ध्या तासाचा फरक जाणवला. दोन्ही दोन तासांच्या आगेमागे. मोठा यूपीएस १२ व्होल्टचे २३० करतो, अडॅप्टर त्याचे पुन्हा १२ करतो, आणि या उलटसुलट कारभारात यूपीएस स्वतःही बरंच खातो. मिनी १२ व्होल्ट सरळ देतो.

पण माझा निकाल बॅटरीने लावला नाही, बीपने लावला. रात्री अडीचला लाइट जाते, घरात कोणाला पत्ताही नसतो, आणि हॉलमधला यूपीएस दर काही सेकंदांनी सगळ्या घराला ते कळवत बसतो. बॅटरी उतरत आली की जवळजवळ सेकंदाला एक. काही मॉडेल्सना आवाज बंद करायचं बटण असतं, पण कित्येकांत ते तेवढ्या वेळेपुरतंच चालतं, आणि शेवटचा इशारा तरीही वाजतोच. लोक खोलून बझर काढतात. वॉरंटी जाते, म्हणून मी ते सुचवणार नाही. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला तो इशारा हवाच असतो, फाइल सेव्ह करायला. राउटरला काय सेव्ह करायचंय?

मिनी मुका आहे, पण बिनकटकटीचा नाही. आधी राउटर आणि ओएनटी, दोघांच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ देऊ नका. दोघांचे ॲम्पिअर मिळून मिनीच्या क्षमतेत बसायला हवेत, नाहीतर लाइट जाताच राउटर रीस्टार्ट होतो आणि बॅकअपचा हेतूच संपतो. मग पिन. बाहेरून ५.५ मिमीच्या दोन्ही सारख्याच दिसतात, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५ मिमीचं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात सैल बसते, आणि झाडूचा धक्का लागला तरी नेट जातं.

तिसरी चूक उशिरा कळते. काही मिनी राउटरच्याच अडॅप्टरवर चार्ज होतात. तो १ ॲम्पिअरचा असेल तर राउटर चालवून चार्जिंगला फारसं उरत नाही. दिवसात दुसऱ्यांदा लाइट गेली की वीस मिनिटांत राम म्हणतो. १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा वेगळा अडॅप्टर लावा, किंवा थेट २३० व्होल्टवर चालणारा मिनीच घ्या. आणि तो राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही.

घरात डेस्कटॉप असेल तर गोष्ट थोडी वेगळी. मोठा यूपीएस तसाही लागणारच, बॅटरीही दोन-तीन वर्षांनी कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळते. राउटर शेजारीच असेल तर त्यातच जोडून बघायला हरकत नाही. फक्त दुकानात तो चालू करून भिंतीतली पिन काढायला लावा, म्यूटचं बटण दाबा, आणि मिनिटभर ऐका.