एसपीआय फ्लॅशचं वाचन वाढवायचंय: आधी क्लॉक की आधी तारा?

एसपीआय या मोजक्या तारांच्या बसवरचा फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी डेटा जपणारी मेमरी, हळू वाचला जातोय असं दिसलं की हात पहिल्यांदा क्लॉककडे, म्हणजे बसच्या ठोक्यांच्या वेगाकडे, जातो. डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावर काय कसं जोडलंय ते कर्नेलला सांगणाऱ्या फाइलमधला) एक आकडा बदलायचा, ५० च्या जागी १०० मेगाहर्ट्झ लिहायचे, की झालं. मी उलट क्रम सुचवेन: आधी डेटाच्या तारा वाढवा, क्लॉकला सगळ्यात शेवटी हात लावा. याचं निम्मं कारण हिशेबात आहे. उरलेलं निम्मं, हे दोन उपाय बिघडतात तेव्हा कसे बिघडतात, त्यात आहे.

इथे डोळ्यासमोर आहे तो एम्बेडेड लिनक्स बोर्डावरचा साधा नॉर फ्लॅश, विनबॉन्डच्या डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीसारखा, १६ एमबीचा.

काहीही बदलण्याआधी सध्या काय चाललंय ते बघा. कर्नेल चिपमधला एसएफडीपी तक्ता (चिपच्या क्षमतांची यादी) वाचतो, त्यामुळे चिप चार तारांवर बोलू शकते हे त्याला कळतं. पण बोर्डावर त्या तारा खरंच जोडल्यात का, हे त्याला फक्त डिव्हाइस ट्री सांगते. तिथे वाचनाच्या बसची रुंदी लिहिलेली नसेल तर ती १ धरली जाते, आणि महागडी क्वाड चिप वर्षानुवर्षं एका तारेवर रांगत राहते. नव्या कर्नेलमध्ये डीबगएफएसमधल्या (कर्नेलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टीममधल्या) एसपीआय-नॉरच्या फोल्डरमध्ये कोणती वाचन-कमांड निवडली गेली ते सरळ दिसतं. वेळ मोजायला डीडी कमांडने एमटीडीचं (कर्नेलमधल्या फ्लॅशच्या थराचं) कॅरेक्टर डिव्हाइस वाचा. ब्लॉक डिव्हाइस वाचलंत तर दुसऱ्या वेळी आकडा पेज कॅशचा (रॅममधल्या प्रतीचा) येईल, फ्लॅशचा नाही. आणि एमटीडी स्पीडटेस्ट हे कर्नेल मॉड्यूल चालू सिस्टीमवर अजिबात लावू नका. ते मोजताना फ्लॅश पुसतं.

आता हिशेब. एका वाचनाला क्लॉकचे किती ठोके लागतात, ते तीन आकारांसाठी खाली मांडलंय. कमांड, पत्ता, डमी सायकल (रिकामे ठोके) आणि डेटा सगळं धरलंय. कमांडचे आकडे हेक्समध्ये आहेत; ड्युअल म्हणजे दोन तारा, क्वाड म्हणजे चार. पत्ता तीन बाइटचा आहे.

| कमांड | ४ बाइट | ३२ बाइट | ४०९६ बाइट |
|---|---|---|---|
| ०३, साधं वाचन | ६४ | २८८ | ३२,८०० |
| ०बी, फास्ट रीड | ७२ | २९६ | ३२,८०८ |
| ३बी, ड्युअल आउटपुट | ५६ | १६८ | १६,४२४ |
| ६बी, क्वाड आउटपुट | ४८ | १०४ | ८,२३२ |
| ईबी, क्वाड आयओ | २८ | ८४ | ८,२१२ |

पहिल्या दोन ओळी बघून गंमत वाटेल. ‘फास्ट’ रीड त्याच क्लॉकवर साध्या रीडपेक्षा आठ ठोके हळू आहे! ते आठ डमी ठोके चिपला आतला डेटा तयार करायला उसंत देतात, म्हणून क्लॉक वाढवता येतो. या चिपवर ०३ कमांड ५० मेगाहर्ट्झलाच थांबते, बाकीच्या १३३ पर्यंत जातात. म्हणजे ५० च्या आतच राहणार असाल तर फास्ट रीड चालू करून पदरात काहीच पडत नाही.

मुख्य तुलना अशी. ५० मेगाहर्ट्झवर एका तारेने ४०९६ बाइटला सुमारे ६५६ मायक्रोसेकंद लागतात. क्लॉक दुप्पट केला तर ३२८. क्लॉक ५० वरच ठेवून क्वाड केलं तर १६५. आठ एमबीची इमेज लोड करायची असेल तर हेच आकडे साधारण १.३४, ०.६७ आणि ०.३४ सेकंद होतात. बूटचा वेळ मोजणाऱ्याला यापुढे फारसं समजावावं लागू नये.

क्वाड आउटपुट की क्वाड आयओ, यावर मात्र फार डोकं खपवू नका. दुसऱ्यात पत्ताही चार तारांवरून जातो, पण मोठ्या वाचनात फरक वीस ठोक्यांचा, म्हणजे नगण्य. फ्लॅशमधून थेट कोड चालवत असाल, ३२ बाइटची कॅश लाइन भरत असाल, तर १०४ विरुद्ध ८४ हा फरक जाणवेल. फाइल सिस्टीमसाठी ड्रायव्हर जे निवडेल ते ठीक.

तारा वाढवण्याची खरी अट हार्डवेअरची आहे. आयओ२ आणि आयओ३ हे पिन एरवी राइट-प्रोटेक्ट आणि होल्डचे असतात. क्यूई (क्वाड एनेबल) बिट १ केला की ते डेटाचे होतात. हा बिट विनबॉन्डमध्ये दुसऱ्या स्टेटस रजिस्टरमध्ये आहे, मॅक्रोनिक्समध्ये पहिल्याच रजिस्टरच्या सहाव्या जागी, त्यामुळे एका चिपसाठी लिहिलेला बूटलोडरचा तुकडा दुसऱ्या चिपवर तसाच चालवू नये. आणि स्कीमॅटिक उघडून बघाच: हे दोन पिन थेट व्हीसीसीला बांधलेले असतील तर क्यूई लावायचा नाही. चिप त्या पिनवर शून्य काढायला जाईल आणि समोर थेट सप्लाय असेल. अशा बोर्डावर ड्युअल हाच शेवटचा मुक्काम. त्याला नवी तार लागत नाही आणि वेळ निम्मा होतो, हेही काही थोडं नाही.

क्लॉकची बाजू आता. मागितलेला वेग मिळतोच असं नाही. कंट्रोलरचा मूळ क्लॉक २०० मेगाहर्ट्झ असेल आणि भागाकार सम आकड्यांनीच होत असेल, तर ८० मागितल्यावर हातात ५० पडतात. ‘बदल केला तरी फरक नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. वेग खरंच वाढला की दुसरी अडचण येते. क्लॉकची कड आल्यापासून डेटा बाहेर यायला या चिपला ६ नॅनोसेकंदांपर्यंत लागू शकतात. १०० मेगाहर्ट्झला अर्धा ठोकाच ५ नॅनोसेकंदांचा. म्हणजे नेहमीच्या जागी नमुना घेतला (तारेवरचा बिट टिपला) तर डेटा अजून वाटेतच असतो. म्हणून नमुना उशिरा घ्यायची सोय कंट्रोलरमध्ये असते: एसटीएम३२ मध्ये अर्ध्या ठोक्याची सरक, कॅडेन्सच्या कंट्रोलरला रीड-डिले, काहींना नॅनोसेकंदांत सांगायचा सॅम्पल डिले. ही किंमत एकेक वाढवत नेऊन वाचन कुठून कुठपर्यंत बरोबर येतं तो पट्टा शोधायचा आणि मधोमध थांबायचं. पट्टा एकाच किमतीचा निघाला तर क्लॉक खाली आणा.

क्वाड चुकलं तर चिप पहिल्याच वाचनात कचरा देते, फाइल सिस्टीम माउंट होत नाही, तुम्हाला टेबलावरच कळतं. क्लॉक चुकला तर लाखात एखादा बिट चुकतो, तोही पेटी बंद करून आतली हवा तापल्यावर. साध्या एसपीआय नॉर वाचनाला सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा तपास-आकडा, नसतो, चूक सांगणारं वाटेत कुणी नाही. एका बोर्डावर असा एक बिट शोधण्यात माझा जवळपास आठवडा गेला. टेबलावर सगळं सुरळीत, कपाटात गेलं की चेकसम चुकायचा. आठवडाभर मी दोष रॅमला देत होतो. तेव्हापासून क्लॉक वाढवला की पूर्ण फ्लॅशचा चेकसम थंड आणि तापलेल्या बोर्डावर रात्रभर काढत ठेवतो.

डीएमए (डेटा प्रोसेसरविना थेट रॅममध्ये नेणं), एफआयएफओ (कंट्रोलरच्या छोट्या रांगेतून प्रोसेसरने उचलणं) आणि मेमरी-मॅप (फ्लॅश थेट मेमरीच्या पत्त्यांवर दिसणं) यांतली निवड वाचनाच्या आकारावर सोडा. काही डझन बाइटसाठी डीएमएची तयारीच वाचनापेक्षा जास्त वेळ खाते. मोठ्या वाचनाला डीएमए हवाच, नाहीतर प्रोसेसर बाइट उपसत बसतो. मेमरी-मॅप खिडकी दिसायला देखणी, पण तो पत्ता कॅशविना मॅप झालेला असेल आणि कंट्रोलर पुढचं आधीच वाचून ठेवत नसेल, तर दर चार बाइटला नवा व्यवहार होतो. वरच्या तक्त्यात ४ बाइटचा रकाना त्यासाठीच ठेवलाय: क्वाड आयओवर २८ पैकी फक्त ८ ठोके डेटाचे.

कंटिन्युअस रीडबद्दल सावध राहा. त्यात पुढच्या वाचनाला कमांडचे आठ ठोके वाचतात, पण चिप त्या अवस्थेतच राहते. वॉचडॉगने (सिस्टीम अडकली की रीसेट करणाऱ्या टायमरने) प्रोसेसर रीसेट केला आणि फ्लॅशची वीज गेलीच नाही, तर बूट रॉम ०३ पाठवतो आणि चिपला ती भाषा कळत नाही. १६ एमबीच्या वरच्या चिपला चार बाइटच्या पत्त्याच्या मोडमध्ये ढकललं की हाच घोळ; तिथे ०सी, ६सी, ईसी या चार बाइटचा पत्ता सोबत घेणाऱ्या वेगळ्या कमांड वापरा. आठ ठोक्यांसाठी मी बोर्ड अडकवून ठेवणार नाही.

समांतर नँड, म्हणजे पानापानाने वाचला जाणारा दुसऱ्या जातीचा फ्लॅश, असेल तर पारडं फिरतं. तिथे तारा ठरलेल्याच, म्हणून आधी टायमिंग मोड बघायचा. ओएनएफआयच्या (नँडच्या सामाईक मानकाच्या) मोड ० मध्ये एका बाइटला १०० नॅनोसेकंद, मोड ५ मध्ये २०. दोन केबीचं पान उपसायला २०५ ऐवजी ४१ मायक्रोसेकंद. त्याआधी पान आतून उचलायला एसएलसी चिप (एका पेशीत एकच बिट ठेवणारी) साधारण २५ मायक्रोसेकंद घेते, ते कॅश रीडने (एक पान बाहेर येत असताना पुढचं आतून उचलून) झाकता येतात. ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करणारा कोड) सॉफ्टवेअरमधून हार्डवेअरकडे नेल्याने फायदा मोठा होतो, पण लिहिलेल्या डेटावर ईसीसीची मांडणी बदलली तर तो वाचता येणार नाही. पुसून नव्याने लिहावं लागेल.

क्वाड चालू केल्यावर डीडीचा आकडा चौपट झाला आणि बूटचा वेळ मात्र जेमतेम हलला, तर ड्रायव्हर सोडा आणि स्क्वॉशएफएस (दाबून ठेवलेली, फक्त वाचायची फाइल सिस्टीम) कशाने दाबलंय ते बघा. एका तारेच्या काळात एक्सझेडने घट्ट दाबणं योग्यच होतं, बाइट कमी आणायचे होते. आता बाइट झरझर येतात आणि ते उलगडण्यात प्रोसेसर दमतो. झेडस्टँडर्ड किंवा एलझेड४ ने इमेज पुन्हा बांधा. ती फुगेल, तेव्हा पार्टिशनमध्ये जागा आहे ना ते आधी मोजून घ्या.