तलफ भागवायला काय: टेम्परेचर कंट्रोलचा वेप, साधा वेप की निकोटिनचा गम?

बिडी-सिगारेट सोडायची आहे, पण एकदम सुटत नाही. मग मधला रस्ता कोणता? जळगाव-धुळ्याकडच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न जुनाच आहे, फक्त आता तो वेगळ्या शब्दांत येतो. वडील म्हणतात, "सुटत नही भो, काही गोळी आहे का?" शेजारी उभा असलेला, पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा म्हणतो, "काका, त्यापेक्षा वेप बरं ना? टेम्परेचर कंट्रोलवालं असतं, त्यात काही जळतच नाही." मी औषधविक्रेता आहे. दोघांनाही एकाच वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. खान्देशात राहून धूम्रपान सोडायचं असेल तर निकोटिनचा गम आणि पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) घ्या, गरज पडली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी घ्या. कायद्याने वेप, म्हणजे ई-सिगारेट, मिळतो अशा देशात तुम्ही राहत असाल, आणि सिगारेट सोडून आधीच त्यावर गेला असाल, तर तापमान धरून ठेवणारं यंत्र साध्यापेक्षा बरं. आणि आजवर बिडीही ओढली नसेल, तर यातलं काहीही तुमच्यासाठी नाही.

आणखी एक मोठा गट आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे निघाले, ओढणारे फक्त 3.8 टक्के. आपल्याकडे तंबाखू-चुना मळणारे हात कुठेही दिसतात. या माणसाने वेपचा विचारसुद्धा करू नये. त्याचं तोंड बिघडतंय, फुप्फुसं अजून वाचली आहेत. त्यांत मुद्दाम नवीन वाफ भरण्यात कसला फायदा?

जळणं आणि तापणं

झुरका घेताना सिगारेटचं टोक सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर तयार होतं, आणि धूम्रपानाने होणारे मृत्यू प्रामुख्याने या धुरामुळे होतात. निकोटिन व्यसन लावतं, पण धुरातल्या विषांचा वाटा त्याच्याहून फार मोठा. बिडी त्यात आणखी पुढे. आपल्या सातपुड्याच्या जंगलांतून गोळा होणारं टेंभुर्णीचं पान हवा खेळू देत नाही, बिडी विझू नये म्हणून लवकर लवकर आणि खोल ओढावी लागते, आणि सिगारेटपेक्षा कमी तंबाखू असूनही धूर जास्त छातीत जातो. "बिडी साधी असते, सिगारेटीएवढी वाईट नाही" हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे.

वेपमध्ये तंबाखू जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन आणि स्वाद घातलेला असतो, ते द्रव तारेच्या कॉइलवर तापून त्याची वाफ होते. पहिल्याचा उत्कलनबिंदू 188 अंश, दुसऱ्याचा 290. म्हणजे काम दोन-अडीचशे अंशांच्या आसपास भागतं. मुलाचं "काही जळत नाही" हे म्हणणं इथपर्यंत खरं आहे. अडचण पुढे सुरू होते.

साधं यंत्र आणि तापमान धरणारं यंत्र

साध्या यंत्रात तुम्ही वॉट ठरवता, आणि यंत्र तेवढी वीज कॉइलला देत राहतं. कापसाची वात द्रवाने भिजलेली असेल तोवर ते द्रवच उष्णता ओढून घेतं. टाकी रिकामी होत आली, किंवा एकामागून एक लांब झुरके घेतले की वात कोरडी पडते. मग तेल संपलेल्या समईसारखं होतं: ज्योत वातीलाच खाते. कापूस करपतो, उरलेलं द्रव जास्त तापून त्याचे तुकडे पडतात आणि फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन तयार होतात. घशाला करपट चटका बसतो तो याचाच. चटका बसला की माणूस थांबतो हे खरं, पण त्याच्या अलीकडच्या पायरीवर, चव थोडीशीच बदललेली असताना, बरेच जण ओढत राहतात.

टेम्परेचर कंट्रोल नेमकं इथे उपयोगी पडतं. कॉइलमध्ये तापमापक नसतो. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि किती अंशाला किती वाढतो हे त्या धातूचं ठरलेलं असतं. यंत्रातली चिप थंड कॉइलचा रोध लक्षात ठेवते, झुरक्याच्या वेळी तो पुन्हा पुन्हा मोजते आणि त्यावरून तापमान काढते. ठरवलेली हद्द आली की वीज कमी करते. वात कोरडी असेल तर वाफच येत नाही. यंत्राने नकार दिला की समजायचं, द्रव संपलं.

यासाठी तार निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची लागते. सर्वांत प्रचलित असलेल्या कँथल तारेचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे तिच्यावर ही पद्धत चालत नाही. निकेलचा रोध सर्वांत जास्त बदलतो म्हणून त्यावर मोजणी सोपी, पण निकेल आणि टायटॅनियम वॉट मोडवर, म्हणजे साध्या यंत्रासारखे नुसते वॉट ठरवून, वापरायचे नाहीत, आणि साफसफाईसाठी लालबुंदही करायचे नाहीत. मी स्टीलच निवडायला सांगेन. मोजमाप थोडं कमी नेमकं, पण चुकून मोड बदलला तरी धोका कमी.

हद्द किती ठेवायची? कापूस सव्वादोनशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान करपायला लागतो, म्हणून 200 ते 220 अंशांवर सुरुवात करावी. बरीच यंत्रं फॅरनहाइट दाखवतात. तिथे 400 म्हणजे 204 सेल्सिअस. यंत्र खरं बोलतंय का हे पाहायची एक सोपी कसोटी आहे: नवा कोरडा कापूस घालून, तोंडाला न लावता, बटण थोडा वेळ दाबायचं आणि कापूस काढून पाहायचा. पांढरा राहिला तर ठीक. तपकिरी झाला तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता यात आपलं ऊन आणा. चिपला "थंड" कॉइल म्हणजे साधारण वीस-बावीस अंशांची खोली अभिप्रेत असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा 45 च्या वर जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच चाळीसची असते. तेव्हा कॉइल बसवून रोध नोंदवला, तर चिप त्या चाळीसला वीस समजते आणि पुढचं सगळं गणित वीस-पंचवीस अंशांनी चुकतं. पडद्यावर 220 दिसतं आणि कॉइल 240 च्या पुढे असते. झुरक्यानंतर लगेच, गरम कॉइलवरच रोध पुन्हा नोंदवला तर चूक याहून मोठी. थंड देशात लिहिलेल्या सूचनांमध्ये ही गोष्ट फारशी येत नाही. दुबई-मस्कतला राहणाऱ्या आपल्या लोकांनी मात्र ती लक्षात ठेवावी.

बॅटरीचंही तेच. लिथियम आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची कमाल मर्यादा 45 अंश असते. उन्हात उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर याहून जास्त उष्णता असते. तिथे यंत्र ठेवू नये, तापलेलं असताना चार्जिंगला लावू नये, रात्रभर उशाशी चार्ज करत ठेवू नये. सुटे सेल खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत ठेवले तर शॉर्ट होऊन मांडी भाजते. सेलचं प्लास्टिकचं आवरण फाटलं असेल तर तो सेल वापरातून काढा.

एकदा वापरून फेकायच्या वेप-पेनबद्दल थोडक्यात: त्यात तुमच्या हातात काहीच नसतं, ना तापमान, ना तार, ना वात कधी सुकली याची माहिती. तुलनेत ते सर्वांत खाली. ब्रिटनने 1 जून 2025 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे, मुख्यतः कचरा आणि शाळकरी मुलांमधला वापर या कारणांनी.

तापमानाला न कळणारी गोष्ट

टेम्परेचर कंट्रोल द्रव किती तापलं एवढंच सांगतं. द्रवात काय आहे हे त्याला कळत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यांत 68 मृत्यू होते. मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात मिसळलेलं. कितीही चांगल्या यंत्राने ते थांबलं नसतं.

ब्रिटनमध्ये द्रवाला नियम आहेत: मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम निकोटिन, काही घटकांवर बंदी, बाटलीवर माहिती. तिथली आरोग्यसेवा वेपला सिगारेटपेक्षा बरंच कमी घातक म्हणते, निर्धोक म्हणत नाही, आणि न ओढणाऱ्यांनी सुरू करू नये असं स्पष्ट सांगते. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या आढाव्यांमध्ये तर निकोटिनच्या वेपने गम-पॅचपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटलेली दिसते. ही गोष्ट लपवून मला गमची बाजू मांडायची नाही. पण ते अभ्यास तपासलेल्या मालावर, सल्लागाराच्या देखरेखीखाली झालेले आहेत. आपल्याकडे जो माल कुणीतरी काउंटरखालून काढून देतो, त्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.

कारण आपल्याकडे तो माल कायदेशीर मिळूच शकत नाही. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात देशभर बंद आहे. तंबाखू फक्त तापवणारी यंत्रं आणि ई-हुक्काही त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लंडनहून येणाऱ्या भाच्याला "येताना एक घेऊन ये रे" असं सांगू नका. बॅगेतून आणणं हीसुद्धा आयात आहे, आणि विमानतळावर अडकेल तो पोरगा.

गम, पॅच, गोळी

2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर तुमची तलफ तीव्र आहे आणि 2 चा बहुधा पुरणार नाही.

"गम घेतला, काही फरक पडला नाही" असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो च्युइंगगमसारखा चावलेला असतो. तसा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि तलफ तशीच राहते. हळू चावायचा, तिखट झिणझिणी आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, तंबाखूची चिमूट ठेवतात तिथेच. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, जागा बदलायची. अर्धा तास असं चालतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, सोडा, लिंबूसरबत नको. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही. आपल्याकडे चहा आणि बिडी जोडीने चालतात, म्हणून हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो.

पॅच दिवसभर सारखं निकोटिन देतो, पण अचानक उठलेल्या तलफेला तो धावून येत नाही. म्हणून पॅच लावून वरून लागेल तेव्हा गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते, याला भक्कम पुरावा आहे. उन्हाळ्यात पॅच घामाने सुटतो; सकाळी आंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी करून दंडावर वर किंवा पाठीवर लावायचा, आणि पॅचवर थेट ऊन किंवा शेक पडू द्यायचा नाही, कारण उष्णतेने निकोटिन जास्त वेगाने आत जातं. गुटख्याने ज्यांचं तोंड उघडेनासं झालं आहे त्यांना गम चावताच येत नाही. त्यांच्यासाठी पॅच, आणि त्याआधी दंतवैद्याकडे तोंडाची तपासणी.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. हृदयविकार असेल, गरोदरपण असेल, तर गमसुद्धा विचारल्याशिवाय सुरू करू नये.

परदेशात वेपवर असणाऱ्या आपल्या मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. दिवसाला चार सिगारेटी आणि वर वेप, असं दोन्ही चालू ठेवलं तर धुराचं नुकसान चालूच राहतं. सिगारेट पूर्ण थांबली तरच बदलाला अर्थ आहे. आणि द्रवाची बाटली कुलपात ठेवा. 20 मिलिग्रॅमच्या दहा मिलिलिटर बाटलीत 200 मिलिग्रॅम निकोटिन असतं, लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. सुट्टीला गावी यायच्या आधी तिथल्याच डॉक्टरांकडून गम-पॅचवर या, म्हणजे इथे आल्यावर तलफेपायी टपरीवर उभं राहावं लागणार नाही.

गावातल्यांनी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनवर, फोन करावा. तो फुकट आहे, आणि तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. जिल्हा पातळीवर सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रं असतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना दिवसाला किती बिड्या, पहिली किती वाजता, आधी कधी सोडली होती आणि कशाने पुन्हा सुरू झाली, एवढं कागदावर लिहून न्या. डोस त्यावरूनच ठरतो.