काकांची नाणी लिलावात विकली : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचे काका पोस्टात होते. लग्न केलं नाही, त्यामुळे पगारातला बराचसा भाग पुण्याच्या जुन्या बाजारात गेला. ते गेल्यावर पत्र्याच्या एका डब्यात २१४ नाणी निघाली. प्रत्येक नाणं खाकी पाकिटात आणि वर पेन्सिलने त्यांचं बारीक अक्षर : "चांदवड? जुना बाजार, बुधवार. ६० रु. दिले, जास्त झाले." घरात यातलं कळणारं कोणी नाही. विकायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्यांदा सराफाकडे गेले. त्याने नाण्याकडे न बघता काटा पुढे ओढला. त्याचंही चूक नाही. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. घट धरून तो त्या दिवशीचा भाव देतो. चेहरा पुसला गेलेले, गुळगुळीत झालेले साठेक रुपये मी त्यालाच दिले आणि अजूनही त्याचा पस्तावा नाही. असली नाणी लिलावाला पाठवली तर कमिशन आणि गाडीभाडं जाऊन हाती चांदीच्या भावाएवढंही पडत नाही. एक मात्र आधी बघा : १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५० टक्के आहे. ते वेगळे काढून ठेवले नाहीत तर सराफ सगळ्याच ढिगाला हलका भाव लावतो.

न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "मावशी, लंडनला पाठव, तिथे डबल मिळेल." मिळेलही, पण पाठवता येत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे निवड भारतातल्या लिलावगृहांतच. (वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याला लाखो रुपये देणारे लोकही मला व्हॉट्सॲपवर भेटले. आधी 'नोंदणी फी' मागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच अशांपासून सावध केलंय.)

आता मुख्य गोष्ट. दोन ठिकाणी विचारलं. मुंबईतलं लिलावगृह नाणी विकणाऱ्याकडून १२ टक्के कमिशन घेणार होतं, दुसऱ्या शहरातलं फक्त ऑनलाइन चालणारं ५ टक्के. दोघांचीही नावं लिहीत नाही. मी बँकेत नोकरी केलेली बाई, टक्के बघितले आणि पाचवाल्यांना ४८ नाणी दिली.

त्यांनी काय केलं, तर काकांचे पाच अंकुशी (अंकुशाचं चिन्ह असलेले) रुपये एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत विकायच्या गटात टाकले. पेशवाईतल्या या रुपयांची गंमत अशी की ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर अर्धाच उतरतो. पाचातल्या एकावर मात्र साल पूर्ण दिसत होतं. काकांनी त्या पाकिटावर दोन रेघा मारून 'साल पहा' लिहिलं होतं. फोटोत ते नाणं इतरांच्या मागे अर्धं झाकलेलं. पाच मिळून ९,५०० रुपयांना गेले. नंतर तसाच, साल दिसणारा, एकटा अंकुशी रुपया दुसऱ्या एका लिलावात ७,२०० ला गेलेला मी बघितला. वाचवलेलं ७ टक्के कमिशन, जीएसटी धरूनही, आठशेच्या आत होतं. पैसे यायला चार महिने लागले ते वेगळंच. "बायरने अजून भरले नाहीत, मॅडम," हे वाक्य मला पाठ झालं.

मग उरलेली निवडक नाणी घेऊन डेक्कन क्वीनने मुंबईच्या बारावाल्यांकडे. पिशवी पूर्ण वेळ मांडीवर. तिथल्या गृहस्थांनी दोन तास दिले आणि पहिल्या अर्ध्या तासात माझी दोन स्वप्नं मोडली. पहिलं स्वप्न १९३९ चा रुपया. हा खरा असला तर चांगली किंमत येते. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नऊच्या पोटात बघा." खालची बाजू कोरून आठाचा नऊ केला होता, भोवतीची जागा खरवडलेली. काका फसले होते. पाकिटावर किंमत लिहिलेली नव्हती, कदाचित त्यांनाही नंतर कळलं असावं. दुसरं स्वप्न म्हणजे एडवर्डचे नऊ रुपये, आरशासारखे चकचकीत. ते आमच्या आईची कृपा. दर लक्ष्मीपूजनाला ती काकांकडून मागून घ्यायची आणि टूथपेस्टने घासून परत करायची. नाण्याची अवस्था तपासून त्याला आकड्यात दर्जा देणारी ग्रेडिंग कंपनी घासलेल्या नाण्याला आकडा देत नाही, नुसतं 'डिटेल्स' लिहून पाठवते. ते नऊही परत आणले.

पण १९११ चा डुकराचा रुपया त्यांनी स्वतंत्र लॉट केला. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षी ठसा बदलला. मराठा नाणी एकेकटी, दोन्ही बाजूंचे फोटो, वजनासकट. ४१ लॉट लागले, ६ विकले गेले नाहीत, पैसे ३८ व्या दिवशी खात्यात. दहा हजारांवर १,२०० कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हाती ८,५८४. घेणाऱ्यालाही हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, जादा प्रीमियम भरावा लागतो आणि ते पैसे आधीच मनात वजा करून तो बोली लावतो, हेही मला तिथे बसल्यावर कळलं. तक्रार एकच : न विकलेले ६ परत घ्यायला पुन्हा मुंबईची खेप झाली.

कुणी विचारलं तर मी आता टक्के शेवटी विचारते. आधी लिलावगृहाचे मागचे तीन-चार कॅटलॉग बघायचे. आपल्यासारख्या नाण्यांना तिथे किती पानं आहेत? मराठा नाणी घेणारे लोक जिथे ती नेहमी येतात तिथेच नजर ठेवून असतात. पाचवाल्यांच्या यादीत बहुतेक नोटा होत्या, हे मला नंतर दिसलं. मग लॉट कसे पाडणार, राखीव किंमत (जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती) ठेवता येते का, आणि पैसे किती दिवसांत. हे सगळं नाण्यांच्या वजनासह पावतीवर लिहून घ्यायचं.

डब्यात अजून ३० आहेत. पुढच्या लिलावाची लॉटयादी छापायला जाण्याआधी मागवली. त्यात चांदवड टांकसाळीचे दोन रुपये एकत्र होते, ते वेगळे करायला लावले. साठ रुपयांचं ते पाकीटही नाण्यासोबत दिलंय.