गाजरगवतावरच्या मेक्सिकन भुंग्यांचा डबा : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या रानाचा पाटालगतचा अर्धा एकर तुकडा गाजरगवताने व्यापलेला आहे. हाताने उपटावे तर कोपरापर्यंत पुरळ उठते आणि तणनाशक मारावे तर पुढच्या सरीनंतर नवी रोपे हजर होतात. म्हणून गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी दोनशे भुंग्यांचा डबा दोन वेळा मागवला. डब्यावर ठळक अक्षरांत ‘गाजरगवताचे कायमचे निर्मूलन’ असे छापलेले आहे. भुंगे चांगले आहेत. हा दावा मात्र टिकणारा नाही.

पहिला डबा मी ऑक्टोबरच्या अखेरीस मागवला आणि विक्रेत्याने तो काहीही न विचारता पाठवून दिला. सोडलेल्या भुंग्यांनी आठवडाभर पाने कुरतडली आणि मग ते दिसेनासे झाले. हा कीटक पावसाळ्यात कार्यरत असतो; हवा थंड आणि कोरडी होऊ लागली की तो जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो. ही साधी बाब ग्राहकाला आधी सांगणे विक्रेत्याचे काम होते. मी तक्रार केली तेव्हा ‘भुंगे जिवंत पोहोचले होते ना?’ एवढेच उत्तर मिळाले.

दुसरा डबा जुलैत घेतला आणि चित्र पालटले. मळकट पिवळसर पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेले हे भुंगे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे असतात. पंधरवड्यात पानांच्या खालच्या बाजूला पिवळसर अंडी दिसू लागली आणि त्यांतून निघालेल्या अळ्यांनी शेंड्यांचे कोवळे कोंब खाल्ल्यामुळे पुष्कळ झाडांना फुलेच धरली नाहीत. सप्टेंबरमध्ये पाटाकडच्या पट्ट्यात कित्येक झाडांचे नुसते खराटे उरले होते. त्याच वेळी बांधावरची वीतभर उंचीची झाडे मात्र भुंगे पोहोचण्यापूर्वीच फुलून बी टाकून मोकळी झाली होती.

एकाच रानात पाटाशेजारी छातीएवढे वाढणारे आणि मुरमाड बांधावर वीतभरावरच फुलणारे हे तण एकाच जातीचे असले, तरी हा फरक वंशाचा आहे की केवळ ओलाव्याचा, हे पाहण्याची मला उत्सुकता होती. दोन्ही ठिकाणचे बी मी सारख्याच मातीच्या कुंड्यांत पेरले आणि सारखेच पाणी दिले. रोपे जवळपास एकाच उंचीची झाली. सहा-सहा कुंड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण निदान माझ्या बांधावरचे बुटके गाजरगवत हे बुटक्या वाणाचे नसून परिस्थितीनुसार स्वतःला आखडून घेणारे तेच तण आहे, असे मानायला जागा आहे. पाणी मिळाले तर वाढायचे, नाही मिळाले तर घाईने फुलायचे, ही लवचिकता त्याचे मोठे बळ आहे. शिवाय एका जोमदार झाडाला हजारो बिया येतात आणि मातीत गाडले गेलेले बी अनेक वर्षे उगवणक्षम राहते, त्यामुळे एका हंगामात ‘कायमचे’ असे काही घडत नाही.

वंशाचा प्रश्न तरीही उरतोच. भारतात हे तण ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात त्याचा शिरकाव दोन वेगवेगळ्या वेळी झाला. टूगूलावा परिसरातला वंश बराच काळ तिथल्या तिथेच राहिला, तर टेक्सासहून आलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून क्लेरमाँटजवळ पोहोचलेला वंश कुरणेच्या कुरणे व्यापत गेला. दोन्ही एकाच जातीचे असूनही पसरण्याची ताकद वेगळी ठरली. म्हणजे गाजरगवत हे सगळीकडे एकच आणि सारखेच, असे धरून विकलेला कोणताही उपाय अपुरा आहे. कोलंबियात तर ग्लायफोसेट या तणनाशकालाही दाद न देणारे गाजरगवत आढळले आहे. एकच औषध वर्षानुवर्षे मारत राहिले की त्यातून तगणाऱ्या झाडांचेच बी पुढे जाते.

वंशागणिक ताकद बदलते, हा नियम डब्यातल्या भुंग्यांनाही लागू आहे. हा कीटक १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला गेला. आज देशात दिसणारे भुंगे मुख्यत्वे त्या मर्यादित साठ्याचे वंशज आहेत. त्यातून पुन्हा पिंजऱ्यात मोजक्या जोड्यांपासून पिढ्यान् पिढ्या वाढवलेले भुंगे विकले जात असतील, तर त्यांच्यातली विविधता आणखी घटणार. भुंगे कोणत्या भागातून गोळा केले, पिंजऱ्यात त्यांच्या किती पिढ्या झाल्या, याबद्दल माहितीपत्रकात एक अक्षर नाही. फोनवर विचारले तेव्हा ‘साहेब, भुंगा तो भुंगाच’ असे उत्तर आले.

बांधणीबाबत तक्रार नाही. जाळीदार झाकण, आत ताजे शेंडे आणि दोनशेपैकी मेलेले भुंगे फक्त अकरा. किंमत साडेचारशे रुपये थोडी जास्त वाटते, कारण शेजारच्या पडीक रानातून पावसाळ्यात हेच भुंगे वेचून आणता येतात. मी पाचांपैकी तीन तारे देतो. एक तारा ऑक्टोबरच्या डब्यामुळे आणि दुसरा छापील दाव्यामुळे कापला आहे. यंदा पहिल्या पावसानंतर गेल्या वर्षीचे भुंगे पाटाकडच्या जमिनीतून वर आले आहेत. त्यांतले काही चिमटीने उचलून मी बांधावर नेऊन सोडले, कारण तिथली झाडे आताच कळीवर आली आहेत.